कथेवर सडकून टीका झाली, आता लिहावं की थांबावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि सोबत दिलेली कथाही वाचली. प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही २६ वर्षांचे, मूळचे बीड जिल्ह्यातले, सध्या पुण्यात नोकरीला. आईवडील अजूनही दर हंगामात ऊसतोडीला जातात. त्यांच्यावरची पहिलीवहिली कथा तुम्ही फेसबुकवर टाकली. दीडशेच्या आसपास लोकांनी ‘अप्रतिम’, ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) असं काहीबाही लिहिलं आणि नऊ जणांनी झोडपून काढलं. ‘आधी व्याकरण शिका’, ‘गरिबीचं भांडवल’, ‘शेवट दुसऱ्याच परिच्छेदात कळला’, ‘लेखकानं उसाचा फड लांबूनसुद्धा पाहिलेला दिसत नाही’. मामेभावानं त्याचे स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकले. रात्री वडिलांचा फोन आला, ‘आपल्याबद्दल लोक असं का लिहायलेत?’ आता तुम्ही विचारताय की कथा काढून टाकू का, या लोकांना उत्तर देऊ का, आणि मुळात लिहिणं मला जमण्यासारखं आहे का.

मी गेली बावीस वर्षं दिवाळी अंकांसाठी कथा निवडते, तपासते, लेखकांकडून पुन्हा लिहून घेते. त्याआधी मुद्रितशोधन केलं. स्वतःही कथा लिहिते. दर वर्षी जून ते ऑगस्ट या काळात दीड-दोनशे कथा हाताखालून जातात, त्यातल्या बारा-पंधरा छापल्या जातात. म्हणजे नकार देणं हे माझं कामच आहे, आणि नकार घेण्याचीही सवय आहे. त्या अनुभवावर बोलते.

आधी तुमचं दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू. टीका कडक होती म्हणून तुम्हाला झोप लागली नाही, असं मला वाटत नाही. ती चारचौघांत झाली, गावापर्यंत पोचली आणि वडिलांना खाली बघावं लागलं, हे तुम्हाला लागलंय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांचे उपायही वेगळे आहेत.

माझं उदाहरण देते. १९९८ मध्ये मी एका मासिकाला कथा पाठवली होती. ती ‘साभार परत’ आली. पण नुसती चिठ्ठी जोडून आली नव्हती. संपादकांनी पूर्ण हस्तलिखितावर शिसपेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, आणि समासात अकरा ठिकाणी एकच शब्द लिहिला होता, ‘का?’ नायिका माहेरी निघून जाते तिथे ‘का?’ सासू गप्प राहते तिथे ‘का?’ मला पहिल्या दिवशी संताप आला, दुसऱ्या दिवशी रडू आलं आणि चौथ्या दिवशी कळलं की अकरापैकी सात ठिकाणी मलाच उत्तर माहीत नाही. इतकी कठोर टीका पुढे माझ्यावर कुणी केली नाही. पण ती माझ्या आणि त्या संपादकांच्या मधेच राहिली. घरात कुणाला कळलंही नाही.

२०१६ मध्ये मी एक कथा ऑनलाइन टाकली. विधवा सुनेच्या दुसऱ्या लग्नाबद्दल होती. एका गृहस्थांनी लिहिलं की या बाईंच्या घरी काय चालतं ते कथेवरून दिसतंच. साहित्य म्हणून त्या वाक्याला काही अर्थ नव्हता. पण पुढच्या आठवड्यात नात्यातल्या एका हळदीकुंकवाला गेले तेव्हा दोन बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबल्या. ती पेन्सिलीची ‘का?’ मी कधीच पचवली होती, आणि हे बिनबुडाचं वाक्य मला सहा महिने पुरलं. त्यामुळे ‘मनावर घेऊ नका’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. मनावर घेतलं जातंच.

पूर्वी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक माणूस उभा असायचा. ‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांशी पत्रव्यवहार करून कथा पुन्हा लिहून घ्यायचे. कच्चा खर्डा तिथेच अडायचा आणि जे काही बोलायचं ते तिथेच बोललं जायचं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. तशी दारं आता थोडीच उरली आहेत. मला त्या दाराबद्दल आदर आहे, पण ते सगळ्यांसाठी उघडं नव्हतं हेही खरं. अनियतकालिकांच्या, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांच्या, चळवळीतल्या तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली ती उगाच नव्हे. तुमच्यासारख्या मुलाची कोपीतली, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पाल्याच्या) झोपडीतली, कथा त्या काळी आत गेली असती की नाही, मला खात्री नाही. आज ती एका रात्रीत हजार लोकांपर्यंत गेली. ती थेट गेली म्हणूनच तिचा पहिला खर्डाही थेट चावडीवर गेला. ते नऊ लोक संपादकाचं काम करताहेत, फक्त संपादकाची जबाबदारी त्यांच्यावर नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पुढची कथा चावडीवर नेण्याआधी ओसरीवर वाचा. तीन माणसं पुरेत. एक तुमच्यासारखं लिहिणारं, एक फक्त वाचणारं, आणि एक त्या विषयातलं. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, कारण त्यावर माणसं ‘छान’ म्हणतात. मी विचारते, वाचताना कुठे थांबलात किंवा कुठे फोन हातात घेतलात? कुठलं वाक्य लक्षात राहिलं? आणि कथा काय आहे, एका वाक्यात सांगा. तिघांची तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तीन दिशांना गेली तर कथा अजून झालेली नाही. हेच प्रश्न तुम्ही ‘अप्रतिम’ लिहिणाऱ्या दीडशे जणांपैकी दोघा-तिघांना आजही विचारू शकता. बघा, खरंच कितींनी शेवटपर्यंत वाचलीय ते.

आता त्या नऊ प्रतिक्रिया. त्या मी कागदावर उतरवून घेतल्या, नावं गाळून. हे तुम्हीही करा. माणसाचा फोटो आणि नाव समोर असलं की आपण त्या माणसाशी भांडतो, वाक्य वाचतच नाही. नऊपैकी तीन भाषेबद्दल आहेत, दोन ‘भांडवला’बद्दल, एक शेवटाबद्दल, एक फडाबद्दल, एक ‘आमच्या घरच्या किराणा यादीत याहून जास्त रस असतो’, आणि एक तुमच्या आडनावाबद्दल. किराणा यादीवाल्यात उचलण्यासारखं काही नाही. ती सोडून द्या. आडनावाकडे शेवटी येते.

भाषेवर थोडं जास्त बोलावं लागेल, कारण मराठीत या टीकेला मोठा इतिहास आहे आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आली. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्यातून फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडवली गेली. चिपळूणकर गद्याचे मोठे कारागीर होते, त्यांचं मराठी आजही वाचण्यासारखं आहे. पण समोरचा माणूस काय सांगतोय याला उत्तर देण्याऐवजी तो कसं बोलतोय यावर हसणं तेव्हाही सोपं होतं. ‘न’ आणि ‘ण’ वरून आजही हेच होतं. ‘पानी’ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवलं की त्याच्या म्हणण्याकडे बघावं लागत नाही. तुमच्या कथेतली आई ‘पानी’च म्हणेल. तिच्या तोंडी ‘पाणी’ घातलंत तर ती तुमची आई राहणार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. त्यातही पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला जागा ठेवली आहे. तेव्हा इथे एक पाऊलही मागे घेऊ नका.

पण मुद्रितशोधकाची नजर जात नाही, म्हणून हेही सांगते. तुमच्या निवेदनात, म्हणजे संवादाबाहेर, दोन ठिकाणी ‘पानी’ आहे आणि तीन ठिकाणी ‘पाणी’. ‘आणि’ कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. निवेदनही बोलीत करायचं असेल तर जरूर करा, पण मग सगळं करा. प्रमाण भाषेत करायचं असेल तर सगळं तसं करा. आत्ता वाचकाला कळत नाही की ही तुमची निवड आहे की नजरचूक. त्या तिघांचा सूर वाईट होता, पण या जागा तुम्हाला दुरुस्त करायच्याच आहेत. शुद्धलेखन दोन दिवसांत कुणाकडूनही तपासून घेता येतं. त्यासाठी लेखन सोडण्याची गरज नाही.

‘गरिबीचं भांडवल’ हा आरोप विषयावर आहे. तुमचा विषय तुमच्या घरातून आलाय, तो लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. तरीही शेवटचं पान पुन्हा वाचा. आई जाते, त्याच क्षणी दिवा विझतो, अवकाळी पाऊस येतो आणि बैलाच्या डोळ्यांतून पाणी येतं. आईचं जाणं एवढं पुरेसं असताना तुम्ही वाचकाला रडवायला आणखी तिघांना बोलावलंत. त्या दोघांना जे खटकलं ते बहुधा हेच. त्यांना ते नीट सांगता आलं नाही, मग त्यांनी तुमच्या हेतूवरच शंका घेतली.

वर्षानुवर्षं वाचकांची पत्रं वाचून माझं असं मत झालंय की वाचकाला दुखतं ते खरं असतं, रोगाचं नाव मात्र तो बहुतेक वेळा चुकीचं सांगतो. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटवर डॉक्टर चिडत नाही. आणि ‘मला अपेंडिक्स झालंय’ असं पेशंटनं सांगितलं म्हणून लगेच कापतही नाही. तुम्हालाही तसंच वागायचंय. कुठे दुखलं ते विचारून घ्या, निदान स्वतः करा.

शेवट दुसऱ्या परिच्छेदात कळला म्हणणारा माणूस त्या नऊ जणांत सगळ्यात कामाचा. दुसऱ्या परिच्छेदात आईच्या खोकल्याला तुम्ही सलग चार वाक्यं दिलीत. कथेत कुणी इतकं खोकलं की वाचक समजून जातो. खोकला एका वाक्यात आणा, कामाच्या गडबडीत, मोळी बांधताना. कदाचित आईचं मरणच नको असेल कथेत. ते तुम्ही ठरवा.

आणि आता ज्यानं तुमचा जीव खाल्ला ते वाक्य, ‘फड लांबूनसुद्धा पाहिलेला दिसत नाही’. तुम्ही लिहिलंय की दिवाळी संपली की आजीजवळ राहायचं आणि सुट्टी लागली की फडावर जायचं, हे तुमचं सगळं लहानपण. तुम्हाला राग आला नसता तरच नवल. पण तुमच्या कथेतलं हे वाक्य बघा : ‘रक्ताचं पाणी करून माझी माय त्या काळ्या आईच्या कुशीत अहोरात्र राबत होती.’ यातलं ‘रक्ताचं पाणी’ तुमचं नाही, ‘काळी आई’ तुमची नाही, ‘अहोरात्र’ही नाही. हे भाषणांतून आणि शाळेतल्या निबंधांतून आलेलं आहे. फड कधीच न पाहिलेला माणूसही हेच वाक्य लिहील. वाचकाला ते जाणवलं आणि त्यानं चुकीचा निष्कर्ष काढला.

याउलट तुमच्या प्रश्नात, रागाच्या भरात, सहज लिहून गेलेलं वाक्य असं आहे : ‘मी सुट्टीत गेलो की आई मला कोपीत मधल्या अंगाला झोपवायची, कारण कडेला पाचटातून वारा यायचा, आणि स्वतः दाराशी झोपायची, कोयता उशाला घेऊन.’ हे वाचून मी थांबले. हे वाक्य बाहेरचा माणूस लिहू शकत नाही. कथेत ते कुठेच नाही. लिहिणं जमण्यासारखं आहे का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या एका वाक्यात आहे. जमण्यासारखं आहे. फक्त ‘आता मी कथा लिहितोय’ असं वाटलं की तुम्ही ठेवणीतली भाषा काढता, आणि खरं लिहिता ते चिडल्यावर. पहिल्या पाच-सहा कथांत बहुतेकांचं असंच होतं.

उत्तर द्यायचं का? पहिले तीन दिवस नाही. पेन्सिलीच्या खुणा समजायला मलाही चौथा दिवस लागला होता. नंतर शेवटावर लिहिणाऱ्याला एक ओळ लिहा, ‘खोकल्याचं लक्षात आलं, आभार.’ फडावर लिहिणाऱ्याला ‘मी तिथेच वाढलोय’ हे सांगावंसं वाटेल. सांगू नका. आपण कोण आहोत यावर वाद सुरू झाला की कथा बाजूला पडते, आणि लोक पुराव्याला आधार कार्ड मागितल्यासारखे मागे लागतात. मित्रांना बाजू घ्यायला बोलावू नका, त्यानं धागा दोन दिवस आणखी वर राहतो. ‘टीकाकारांना माझं उत्तर’ अशी वेगळी पोस्ट तर मुळीच नको. ती लिहिणारे खूप पाहिले, त्यातले बरेच पुढे पोस्टच लिहीत राहिले, कथा राहून गेल्या.

कथा काढावी का, हे परिस्थितीवर आहे. घरच्यांना त्रास होत असेल, ऑफिसात विषय निघत असेल, तर ‘फक्त मी’ असं सेटिंग करून ठेवा, त्यात हार नाही. पण डिलीट करू नका. तो तुमचा पहिला खर्डा आहे आणि दुसरा लिहिताना तो समोर लागेल. प्रतिक्रियांसकट एक प्रत काढून ठेवा. टोपणनावानं लिहिणं हाही चांगला मार्ग आहे. गाव कथेत ओळखू येत असेल तर मात्र टोपणनाव फार काळ टिकत नाही.

आडनावावरून लिहिलेली ती नववी प्रतिक्रिया. तिला टीका म्हणू नका आणि तिच्यातून काही शिकायचा प्रयत्नही करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि प्रोफाइलची लिंक दिसली पाहिजे. मग रिपोर्ट, मग ब्लॉक, याच क्रमानं, कारण ब्लॉक केल्यावर पुरावा सापडणं अवघड होतं. शिवीगाळ जातीवाचक असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो, वकिलाशी बोला. धमकी आली, नाव लपवून आली तरी, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ त्यासाठी आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. लिहिणाऱ्या मुली हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : इनबॉक्समध्ये पुन्हा पुन्हा येणारे मेसेज, नकार दिल्यावरही होणारा पाठलाग, हे याच संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. ‘कथाच तशी होती’ हे कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

राहिले वडील. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त तेच अडलं. ‘आपल्याबद्दल लोक असं का लिहायलेत?’ असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही म्हणता, ‘मी फोन ठेवून दिला.’ त्यांनी कथा वाचलेली नाही, फक्त शिव्या वाचल्यात. आई तर वाचू शकत नाही असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ज्यांच्यावर कथा आहे त्या दोघांपर्यंत ती अजून पोचलेलीच नाही, तिच्यावरचा चिखल तेवढा पोचलाय. पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, ते गावी परतले की, किंवा त्याआधी एखाद्या रविवारी फडावर जाऊन, कथा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. आई कुठे ‘असं नव्हतं रे’ म्हणेल, वडील कुठे उठून बाहेर जातील, ते बघा. तिथे पेन्सिलीनं खूण करा. आणि ती दाराशी कोयता उशाला घेऊन झोपायची, ते का? जनावराच्या भीतीनं, की माणसाच्या? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्ही तिला कधी विचारलेलंही नाही. विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि दुसरा खर्डा तिथून सुरू करा. झाला की मला पाठवा, मी वाचेन.